गोदेतली कासवं मोजायची कशी? नाशिकच्या नद्या-नाल्यांसाठी एक कामचलाऊ पण खरी पद्धत

गाडगे महाराज पुलाच्या जरा वर मी आयुष्यातलं पहिलं कासव नोंदवलं, ते नारळ निघालं. अर्धा बुडालेला, शेंडी एका बाजूला, प्रवाहाबरोबर थोडा सरकणारा आणि मध्येच थांबणारा. मी पंधरा मिनिटं दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहत होतो. वहीत वेळ लिहिली, जागा लिहिली, पुढे 'बहुधा काळं कासव, मान आत' असंही लिहिलं. मग घाटावरच्या एका पोरानं सूर मारला, माझं कासव बाहेर काढलं आणि पायरीवर आपटून फोडलं.

ते पान मी फाडलेलं नाही. शहरातल्या नदीत कासवं मोजायला बसलात की नारळ, चपला, फुटके चेंडू, उलटे तरंगणारे कुंडीचे तुकडे आणि पाणवेलींचे गड्डे यांची गाठ आधी पडते, कासवाची नंतर. मोजण्याची पद्धत ठरलेली नसेल तर वर्षभर फिरूनही हाती फक्त 'अमुक ठिकाणी कासव दिसलं' एवढी गंमत राहते. पुढे जे लिहिलं आहे ते दोन-तीन जणांच्या गटाला, नोकरी-कॉलेज सांभाळून, एका दुर्बिणीवर जमेल असं आहे. कासव हातात घेण्याचा भागही दिला आहे, पण तो परवानगीशिवाय कुणी करू नये.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

'गोदावरीत कासवं आहेत का?' हा प्रश्न अभ्यासाच्या कामाचा नाही. एक कासव दिसलं की तो संपतो. शिवाय कासवं दीर्घायुषी असतात. एखाद्या डोहात सात-आठ मोठी कासवं आरामात ऊन खात बसलेली दिसतील, पण दहा वर्षांत तिथं एकही पिल्लू जगलेलं नसेल, तर तो डोह म्हणजे तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेलेलं गाव आहे. घरं उघडी दिसतात, आत सगळी म्हातारी माणसं.

दुसरा एक गैरसमज इथंच मोडून काढतो. कासव दिसलं म्हणजे पाणी स्वच्छ, असं नसतं. कासव हवेत श्वास घेतं. पाण्यातला प्राणवायू उतरला की मासे मरतात, पण आपल्याकडचं फ्लॅपशेल कासव गढूळ, गाळाच्या, वास येणाऱ्या पाण्यातही तग धरतं. तेव्हा शहरातून वाहणाऱ्या नासर्डी नदीत कासव दिसल्याची बातमी नदी सुधारल्याचा पुरावा म्हणून कुणी पुढे केली तर जरा थांबा.

म्हणून प्रश्न असे धरा: कोणत्या पट्ट्यात कोणती जात आहे? लहान-मोठ्यांचं प्रमाण काय? पाळीव म्हणून आणून सोडलेली परदेशी कासवं किती? आणि हेच आकडे पुढच्या वर्षी त्याच पद्धतीनं घेतले तर बदलतात का? सिंहस्थ जवळ आला की घाटांची, काठांची कामं निघतात. २०१५ च्या सिंहस्थाआधीची कासवांची शिस्तीत घेतलेली नोंद आज हाताशी असती, तर तुलनेला काहीतरी मिळालं असतं. तेव्हा २०२६-२७ च्या आधी-नंतरची नोंद आपणच ठेवायची.

ओळख: कोण कोण भेटेल

सर्वांत जास्त शक्यता भारतीय फ्लॅपशेलची, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठ चामड्यासारखी गुळगुळीत, घुमटाकार, रंग हिरवट-तपकिरी. मोठं कासव साधारण फूटभर लांबीचं. उत्तर भारतातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडे सहसा नसतात. पोटाकडच्या कवचाला मागच्या बाजूनं दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या बंद होतात, त्यावरूनच हे नाव. लांबून झडपा दिसत नाहीत. दिसतं ते पाण्यावर आलेलं छोटं नाक आणि त्याच्या मागे दोन डोळे. तीन-चार सेकंद, आणि परत गुडूप.

दुसरं काळं कासव, मेलानोकेलिस ट्रायजुगा. पाठ टणक, काळपट-तपकिरी आणि लांबीच्या दिशेनं तीन कणे (उंचवट्याच्या रेषा) असलेली. तीन कणे नीट दिसले तर ओळख पक्की, पण चिखल वाळून बसलेला असेल तर दिसत नाहीत. हे पाण्याबाहेरही हिंडतं, विशेषतः रात्री. कालव्याकाठच्या गवतात सापडलेलं कासव 'जमिनीवरचं' समजून डोंगरावर नेऊन सोडणारे भले लोक आहेत. तसं करू नये.

लिथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लिथाय, हे मोठं प्रकरण. पाठ चपटी, चामड्यासारखी, मोठ्या परातीएवढी होऊ शकते. तोंड नळीसारखं पुढे आलेलं, पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी वर्तुळं. हे दख्खनच्या नद्यांचं कासव. १८७२ मध्ये ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे आणि २०२२ मध्ये पनामातल्या साइटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला व्यापारबंदीच्या सर्वांत कडक परिशिष्टात घेतलं गेलं. हे दिसलं असं वाटलं तर दिवसभराचं बाकीचं काम सोडून फोटो मिळवा, आणि जागा कुणाला सांगू नका. गोदावरीच्या खोऱ्यात तंबू-कासवाचीही नोंद आहे. टणक पाठीचं, आणि मधल्या खवल्यावर तंबूच्या टोकासारखा उंचवटा असलेलं.

आणि मग पाहुणे. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर पिवळ्या रेघा, म्हणजे लाल-कानी स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानातून नाण्याएवढं आणलं जातं, दोन-तीन वर्षांत काचेच्या पेटीत मावेनासं होतं आणि मग एखाद्या संध्याकाळी 'गंगेत (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरीच) सोडून येऊ' म्हणून घाटावर येतं. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. नदीतल्या मूळ कासवांना मात्र खाणं आणि ऊन खायचा दगड यांत आणखी एक भिडू वाढतो. म्हाताऱ्या स्लायडर नरांचा लाल पट्टा काळवंडतो, त्यामुळे ते काळ्या कासवात खपून जातात. पोट दिसलं तर पिवळ्यावर काळे डाग आहेत का पाहा.

नखांबद्दल एक कामाची गोष्ट. फ्लॅपशेल आणि इतर मऊ पाठीच्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, एकूण बारा. काळ्या कासवाला आणि स्लायडरला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. 'वीस नखी कासव' म्हणून गुप्तधनाच्या नादानं लाखांच्या बाता मारणारी टोळकी आपल्याकडे अधूनमधून पकडली जातात. तुम्ही काठावर कासवांची चौकशी करता हे कळलं की असा एखादा माणूस तुमच्याजवळ येऊन हळूच विचारेलच. त्याला नखांचं गणित सांगा, ठिकाण सांगू नका.

कागद

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. फ्लॅपशेल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. संशोधनासाठी पकडायचं तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची पूर्वसंमतीही. हे एकट्या हौशी माणसाचं काम नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागामार्फत जा.

काठावर उभं राहून पाहायला, मोजायला, फोटो काढायला ही परवानगी लागत नाही. अपवाद नांदूर मध्यमेश्वरचा. ते अभयारण्य आहे, शिवाय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, म्हणून तिथं वनखात्याला विचारूनच. शहरातही स्थानिक वनकार्यालयाला एक पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. दुर्बीण गळ्यात घालून सकाळी बायका कपडे धूत असलेल्या घाटासमोर तासभर बसलात, तर हा कागद खिशात असलेला बरा. खरं तर अशा घाटासमोर बसूच नका.

नदीचे तुकडे पाडणं

गंगापूर धरणापासून खाली सोमेश्वर, आनंदवल्ली, रामवाडी, रामकुंड, तपोवन, दसक-पंचक आणि पुढे ओढ्यापर्यंत नदीचा स्वभाव चार-पाच वेळा बदलतो. वर खडक आणि झाडी, मध्ये दगडी घाट आणि काँक्रीट, खाली सांडपाणी मिसळलेला, पाणवेलींनी झाकलेला संथ पट्टा. शिवाय नासर्डी, वाघाडी आणि पुढे दारणेला मिळणारी वालदेवी.

सगळी नदी मोजायचा मोह टाळा. आठ ते दहा ठिकाणं घ्या, प्रत्येक दोनशे मीटर काठाचं. आणि ती 'जिथं कासवं दिसतात म्हणे' अशीच निवडू नका. इथंच बहुतेकांचं चुकतं. चांगल्या जागाच निवडल्या तर निष्कर्ष 'चांगल्या जागी कासवं असतात' एवढाच निघतो. नकाशावर नदी दोनशे-दोनशे मीटरच्या तुकड्यांत तोडा, तुकड्यांना अंक द्या, प्रत्येक स्वभावाच्या पट्ट्यातून दोन-दोन चिठ्ठ्या काढा. चिठ्ठीत अगदीच पोचता न येणारी जागा आली तर पुढचा तुकडा घ्या आणि तसं लिहून ठेवा. एखादं ठिकाण घाणीच्या नाल्याच्या तोंडाशी येईल. येऊ द्या.

प्रत्येक तुकड्याची एकदाच पूर्ण पाहणी करा: काठ मातीचा, दगडाचा की बांधलेला, ऊन खायला दगड, ओंडके, बेशरमाची वाकलेली झुडपं किती, पाणकणीस, लव्हाळं आहे का, पाणवेल किती भाग झाकते, काठावर भटकी कुत्री किती. कुत्री विसरू नका, अंड्यांचा प्रश्न पुढे येणार आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आणखी एक काम उरकून घ्या. कासवं ज्या दगडांवर बसतात ते दगड टेपनं मोजा आणि त्यांचे फोटो काढून अंक द्या. पुढे दुर्बिणीतून किंवा फोटोत कासव त्या दगडावर दिसलं की दगडाच्या मापावरून कासवाचं माप काढता येतं. आम्ही तीन वर्ग करतो: वाटी, ताटली, ताट. वाटी म्हणजे पाठीची लांबी दहा सेंटिमीटरच्या आत, ताटली दहा ते वीस, ताट वीसच्या वर. परात दिसली तर वर लिथचं कासव वाचलंच आहे.

बसून मोजणं

सगळ्या कामाचा कणा हाच, म्हणून सावकाश सांगतो.

आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. मोठा आडवा पट्टा असेल तर तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण मिळाली तर उत्तम. पाण्यावरची चमक मारणारा ध्रुवीय काचांचा गॉगल, पेन्सिल (शाई ओली झाली की संपलं), घड्याळ, साधा तापमापक आणि फोन. लाल, पांढरे, भडक कपडे नकोत.

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ ते एक ही वेळ चांगली. निफाडचा पारा पेपरात आला की नाशिकचं पाणीही गार असतं. कासवाला अंग तापवल्याशिवाय पचत नाही, मग ते बाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये मात्र साडेसातलाच पोचा. दहानंतर दगड इतका तापतो की कासव वर चढत नाही.

ठिकाणी पोचल्यावर लगेच मोजू नका. शक्यतो समोरच्या काठावर, सूर्य पाठीशी आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा. तुम्हाला कासव दिसण्याआधी कासवाला तुमची सावली दिसते. पंधरा मिनिटं गप्प. मग पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन वेळा पट्टा डावीकडून उजवीकडे एका लयीत पाहून घ्या. बाहेर बसलेली कासवं वेगळी लिहा, पाण्यावर आलेली नाकं वेगळी.

तीन फेऱ्यांची बेरीज करायची नाही. तीनपैकी ज्या फेरीत एकावेळी सर्वांत जास्त दिसली तो आकडा धरायचा. पहिल्या हंगामात आम्ही बेरीज करत होतो. एकच फ्लॅपशेल पाच ठिकाणी नाक वर काढतं आणि वहीत पाच कासवं होतात. त्या हिशेबानं तपोवनाखालचा एक डोह आमच्या वहीत कासवांचं माहेरघर झाला होता.

प्रत्येक वेळी लिहायचं: तारीख, सुरू-संपल्याची वेळ, हवेचं आणि पाण्याचं तापमान, ढग, वारा, पाण्याची पातळी, माणसांची वर्दळ, पाहणाऱ्याचं नाव. आणि शून्य. कासव दिसलं नाही तर 'शून्य' असं लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. कोऱ्या पानाचा अर्थ सहा महिन्यांनी कुणालाच लागत नाही: गेलो नव्हतो, की गेलो आणि दिसलं नाही?

धरणाचं पाणी फार महत्त्वाचं. आवर्तन सुटलं की एका रात्रीत दगड बुडतात, बसायला जागाच राहत नाही, आणि तुमचा आकडा शून्यावर येतो. कासवं कुठंही गेलेली नसतात. म्हणून आवर्तन सुरू असताना घेतलेली मोजणी वेगळ्या खुणेनं लिहा. पावसाळ्यात विसर्गाचे क्युसेक रोज जाहीर होतात, ते टिपून ठेवा.

एका ठिकाणी किती वेळा जायचं? हिशेब करू. समजा, एखाद्या तुकड्यात कासव आहेच, पण एका भेटीत ते दिसण्याची शक्यता शंभरात तीस. तीन भेटी देऊनही ते एकदाही न दिसण्याची शक्यता चौतीस टक्के राहते. पाच भेटींत ती सतरावर येते, आठ भेटींत सहाच्या खाली. म्हणजे तीन वेळा जाऊन 'इथं कासव नाही' म्हणणारा दर तीन जागांमागे एका जागी चुकणार. फ्लॅपशेलसारखं गाळात दडणारं, ऊन कमी खाणारं कासव असेल तर एका भेटीतली शक्यता तीसहूनही कमी धरा. एका हंगामात आठ भेटी हा माझा नियम आहे. जमत नसेल तर ठिकाणं कमी करा, भेटी नव्हे.

दोन पाहणारे असतील तर एक छान युक्ती करता येते. दोघांनी एकाच वेळी, शेजारी बसून पण एकमेकांशी न बोलता, आपापल्या कागदावर पट्ट्याचा नकाशा काढून कासवांच्या जागा टिपायच्या. समजा एकाला नऊ दिसली, दुसऱ्याला आठ, आणि दोघांच्या नकाशात जुळणारी सहा. नऊ गुणिले आठ भागिले सहा म्हणजे बारा. दोघांनी मिळून वेगवेगळी अकरा पाहिली, म्हणजे एखादं दोघांच्याही नजरेतून निसटलं असणार. हा हिशेब फक्त त्या क्षणी वर असलेल्यांचा आहे, गाळात बसलेल्यांचा नाही. पण आपल्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं, आणि पहिल्या दिवशी गर्व उतरतो.

परवानगी असेल तर: पकडणं, खूण, परत सोडणं

गोल कड्यांचे जाळीचे सापळे वापरतात. आमिष म्हणून माशांची आतडी-डोकी भोकं पाडलेल्या डबीत ठेवतात, म्हणजे वास सुटतो पण खाऊन निघून जाता येत नाही. सापळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिलाच पाहिजे, नाहीतर कासव गुदमरून मरतं. आत दोन रिकाम्या, बूच घट्ट लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या की पाणी वाढलं तरी सापळा तरंगतो. सकाळ-संध्याकाळ तपासणी, कमीत कमी. विसर्गाची शक्यता असेल त्या आठवड्यात सापळा लावायचाच नाही.

सापळ्याच्या रात्री मोजायच्या. दहा सापळे तीन रात्री म्हणजे तीस सापळा-रात्री. सहा कासवं मिळाली तर दर सापळा-रात्रीला ०.२. हा आकडा दोन ठिकाणांत किंवा दोन वर्षांत ताडून पाहता येतो. 'सहा मिळाली' याला तसा अर्थ नाही.

मऊ पाठीच्या कासवाची मान कल्पनेपेक्षा लांब निघते आणि मागपर्यंत वळते. कवचाच्या अगदी मागच्या कडांना, मागच्या पायांजवळ धरायचं. लांबी मापकानं सरळ रेषेत, पाठीच्या वळणावरून नाही. वजन काट्यानं. नराची शेपटी जाड, लांब. काळ्या कासवाच्या नराचं पोटाकडचं कवच किंचित खोलगट. टणक पाठीच्या कासवांना कडेच्या खवल्यांवर कानशीनं खाचा पाडून अंक देण्याची पद्धत केगल यांनी १९३९ मध्ये मांडली, ती अजून चालते. मऊ पाठीच्यांना कडेचे खवलेच नाहीत, त्यांना पशुवैद्याच्या हातून तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावी लागते. सगळं आटोपून कासव जिथं मिळालं तिथंच, त्याच दिवशी सोडायचं. हात साबणानं धुवायचे, कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, शहरी पाण्यात लेप्टोची भीती खरी आहे. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट आणि सापळे धुऊन, वाळवून न्यायचे.

खुणा केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पकडायचं. समजा पहिल्या खेपेला १८ कासवांना खूण केली. दुसऱ्या खेपेला १५ मिळाली, त्यांतली ५ खुणेची. अशा दोन खेपांवरून एकूण संख्या काढायचं चॅपमनचं सूत्र आहे: प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, म्हणजे १९ गुणिले १६, भागिले ६, वजा १. उत्तर साधारण ५०. इथं लोक थांबतात आणि 'डोहात पन्नास कासवं' म्हणून मोकळे होतात. पण याच आकड्यांवरून चूक किती असू शकते तेही निघतं. प्रमाणित त्रुटी (अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो त्याचं माप) साधारण साडेबारा येते. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट धरायचं, म्हणजे खरी संख्या पंचवीस ते पंचाहत्तरच्या दरम्यान कुठंही असू शकते. पुढच्या वर्षी चाळीस आली तर 'दहा कासवं घटली' असं म्हणायला कसलाही आधार नाही. आणि हे सूत्र चालतं तेही मधल्या काळात कुणी आलं-गेलं नाही, खुणा पुसल्या नाहीत आणि सगळी कासवं सारखीच सापळ्यात येतात असं धरूनच. पुराच्या आधी खुणा आणि पुरानंतर पकड, असं कधीही करू नये.

पिल्लं आणि अंडी

अंड्यांना माती-वाळूचा, उन्हाचा, पुरात सहज न बुडणारा काठ लागतो. शहरातल्या गोदेला तसा काठ कुठं उरला आहे, हे तुमच्या पहिल्या पाहणीतच दिसलं असेल. खोदलेला खड्डा, आजूबाजूला पांढरी कवचं, कुत्र्याच्या पंजाचे ठसे: फोटो, जागा, तारीख. न उघडलेल्या घरट्याला हात लावायचा नाही, अंडं फिरवायचं नाही. वरची बाजू खाली गेली की आतला जीव जाऊ शकतो.

तुमच्या तक्त्यात 'वाटी' हा रकाना वर्षानुवर्षं रिकामा राहिला तर शहरातली सर्वांत महत्त्वाची बातमी तिथंच आहे. मात्र पिल्लं लपतात, ऊन खायला उघड्यावर कमी येतात, म्हणून पाणवेलींच्या कडा आणि उथळ गवत वेगळ्यानं, जवळून पाहा.

माणसांना विचारणं

गळ टाकून बसणारे, जाळी लावणारे भोई-कहार, घाटावरचे जीवरक्षक, काठावर मळा असलेले शेतकरी यांना तुमच्या दुर्बिणीपेक्षा जास्त माहीत असतं. पण पहिलाच प्रश्न 'कासवं पकडता का?' असा टाकला की संपलं. पंचकच्या बाजूला एका मामांनी मला तीन भेटींत फक्त हवापाणी सांगितलं. चौथ्या भेटीत, मी गळाला अडकलेलं कासव कसं सोडवायचं ते विचारलं, तेव्हा त्यांनी कासवं कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात जाळ्यात येतात आणि बाप जाळं टाकायचा तेव्हा काय यायचं, सगळं सांगितलं.

वर्षं विचारू नका, खुणा विचारा. 'दुतोंड्याच्या (गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या) डोक्यावरून पाणी गेलं त्या पुराआधी की नंतर?' असं विचारलं की माणूस बरोबर सांगतो. २००८ आणि २०१९ चे पूर सगळ्यांच्या डोक्यात आहेत. फोटो दाखवताना त्यात गोदेत नसलेल्या एखाद्या कासवाचा फोटोही मिसळा. 'हो हो, हेपण असतं' असं उत्तर आलं तर त्या मुलाखतीला किती वजन द्यायचं ते समजतं.

नोंदी कुठं, कशा

संध्याकाळीच वहीतलं तक्त्यात उतरवा. एका ओळीत एक भेट. मूळ वही जपा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकले तर जातीची ओळख इतरांकडून तपासून मिळते. संकटग्रस्त जातींची नेमकी जागा ते आपोआप धूसर करतात, पण तुम्ही वर्णनात 'अमक्या मंदिरामागचा डोह' लिहिलंत तर त्याचा उपयोग शून्य. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतून जागा कळेल असं मागचं दृश्यही कापा.

दारणा-वालदेवीच्या बाजूला उसाजवळ अंधार पडल्यावर काम करू नका. बिबट्याची मोजणी हा वेगळा विषय आहे.

कासव घरी आलं तर

तुम्ही हे काम करता हे कळलं की लोक बादलीत कासवं घेऊन येतील. पहिल्या पावसात रस्ता ओलांडताना मिळालेलं फ्लॅपशेल असेल तर ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूच्या काठाला, जवळच सोडायला सांगा. ते हरवलेलं नसतं. जखमी असेल किंवा घरात ठेवलेलं देशी कासव असेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन. स्लायडर आणलं तर नदीत सोडू देऊ नका, तेही वनखात्याकडेच. आणणाऱ्यावर ओरडू नका, पुढच्या वेळी तो न विचारता सोडून येईल. कुठून, कधी, कुणाकडून मिळालं ते विचारून घ्या. ही ओळही तक्त्यात जाते, वेगळ्या रकान्यात.

जुलैपासून पूर ओसरेपर्यंत बसून मोजणी बंद. या काळात रस्त्यावर मिळालेल्या कासवांची नोंद, मुलाखती आणि मागच्या वर्षीचा तक्ता तपासणं. दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळलं, दगड वर आले की पहिल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात. पुरानं कोणते दगड हलवले आणि कुठल्या काठावर नवा गाळ आणला, ते आधी पाहून घ्या. मोजून ठेवलेल्या दगडांपैकी दोन-तीन तरी जागेवर नसतील, त्यांच्याऐवजी नवे मोजून घ्या.